डोंगोलाच्या उत्तरेला

वारा उत्तरेचाच असतो इथं, बारा महिने.
हे एका टँकरवाल्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं:
बाई, उलटी निघालीस, लोक तिकडून इकडे येतात.
आता काय करणार. वादी हाल्फाच्या बोटीचे पैसे
भरून झाले होते,
आणि माझा स्वभावही तसाच.

ताशी नऊ किलोमीटर. उतारावर अकरा.
डांबर चाकाला धरून ठेवतं, मग सोडतं, चर्र करून.
घाम दिसत नाही, नुसतं मीठ उरतं,
सदऱ्याच्या पाठीवर कुठल्या कुठल्या देशांचे नकाशे.
बाटलीत चहापत्ती टाकली असती तर चहा झाला असता.
नदी डावीकडं आहे म्हणतात.
असेल.

दीडच्या सुमाराला चार खांब, पत्र्याचं छप्पर,
खाली लोखंडी तिवईवर तीन रांजण.
लाकडी झाकणं. एकाला सुतळीनं बांधलेला
टोमॅटोच्या रसाचा रिकामा डबा.
माणूस नाही. गाव नाही. झाड नाही.

दोन कोरडे.
तिसऱ्यात हात खांद्यापर्यंत घातला तेव्हा
बोटांना पाणी लागलं, आणि ते गार होतं.
गार म्हणजे,
मी ओरडले. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून पुन्हा ओरडले.

प्यायले. एक बाटली भरली, दुसरी भरली,
आणि मग (हे लिहिणार नव्हते)
दोन डबे डोक्यावर ओतले.
केसांतून, मानेवरून, पाठीच्या नकाशांवरून
वाळूत.
रांजणाच्या तळाशी डबा खरवडल्याचा आवाज
अजून ऐकू येतो.

तेवढ्यात पिकअप आली.
फिक्री दहब, साठीचा, पांढरा जल्लाबिया, एक डोळा दुधाळ.
मागे निळी पिंपं. दर तिसऱ्या दिवशी, सव्वीस किलोमीटरवरून.
माझ्या केसांतून अजून टपटपत होतं.
त्यानं केसांकडं पाहिलं, वाळूकडं पाहिलं,
रांजणात वाकून पाहिलं,
आणि एकच शब्द म्हणाला. नईमन.

माझं अरबी म्हणजे पाणी, भाकरी, किती लांब, देव भलं करो.
हा शब्द त्यात नव्हता.
मी मान खाली घातली आणि पिंपाची नळी धरायला गेले.

हे रांजण आईच्या नावानं. सित्तना.
इथं वारली का?
नाही, घरी, झोपेत. या रस्त्याला ती कधी आलीच नव्हती.
मग इथंच का?
त्यानं चहूकडं हात फिरवला, जसा एखादा मूर्ख पोरीला
मोकळं शेत दाखवावं.
इथं पाणी नाही म्हणून.

पैसे काढले तर रागावला. म्हणून चिक्की दिली.
गूळ पाघळून कागदाला बसला होता,
त्यानं कागदासकट चोखली, शेंगदाणा जिभेवर फिरवला,
आणि म्हणाला, हे तर आमचंच.
मला ओंजळभर खजूर. गाडीत बस म्हणाला.
नाही म्हटलं. डोक्याला हात लावून हसला, निघून गेला.

पुढचे तीन दिवस वारा तोच.
पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला त्या शब्दाचा एकेक अर्थ लावला:
उधळी. निर्लज्ज. परक्याची पोर.
एका दुपारी मागच्या चाकात काटा गेला.
उपसून तळहातावर घेतला, तर सराटा.
आमच्या बांधावरचा, तोच, टोकं मोजून.
त्यालाही विचारलं मी, खरंच विचारलं,
नईमन म्हणजे काय रे?

वादी हाल्फा. खाटा अंगणात, मोरीला गोणपाटाचा पडदा.
नऊ दिवसांनी दोन बादल्या.
बाहेर आले तर मालकिणीची लेक, रिहाब,
भांडी घासत होती. तिनं वर न बघताच म्हटलं,
मोरीतून येणाऱ्या प्रत्येकीला म्हणते तसं,
माझ्या आधी त्या ट्रकवाल्याच्या बायकोला म्हणाली तसं:
नईमन.

टॉवेल डोक्याला तसाच.
काय म्हणालीस?
पोरी, पुन्हा म्हण.